निवडुंगाचा शत्रु

कांट्यानें कांटा काढावा, ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं सदैव असते. परंतु एका क्षुद्र किड्यानें कांट्यांचें सबंध रान नाहींसें केलें, ही हिंदुस्थानांतील खरी हकीकत फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं.

उपद्रवी जीवास त्याच्या नैसर्गिक शत्रूकडून आवर घालण्याची रीत सृष्टीनेंच घालून दिलेली आहे. विंझरकडील मावळांत किंवा कोंकणांत, भाताच्या खाचरांतून कोळी, चतुर आणि बेडूक हें काम कोणी न सांगतां करीत असतात. मनुष्यानेंही तें हातीं घेतलें. १७६२ मध्यें टोळांच्या बंदोबस्तासाठीं हिंदुस्थानांतील साळुंकी मॉरिशस बेटावर नेण्यांत आली. पण खरा धडा मिळाला तो निवडुंगापासून.

निवडुंग मूळचा अमेरिकेचा. युरोपियनांच्या जहाजांबरोबर तो पूर्वेकडे आला. शेताला कुंपण म्हणून लोकांनीं तो लावला, दुष्काळांत कांटे जाळून गुरांना घातला. मुलें त्याचीं लालबुंद बोंडें आवडीनें खात. परंतु तुटून पडलेला तुकडाही मूळ धरी आणि पक्षी त्याचें बीं दूरवर नेत. कुंपण शेतांत शिरलें. गांवठाणें व गायरानें त्यानें व्यापलीं. तोडून तो हटेना.

ईस्ट इंडिया कंपनीस मात्र याच झाडांत द्रव्य दिसलें. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नांवाच्या किड्यापासून उत्तम किरमिजी रंग निघे, आणि तो व्यापार स्पेनच्या हातीं होता. मद्रासेस डॉ. जेम्स अँडरसन यांनीं या उद्योगासाठीं निवडुंगाची बाग केली. १७९५ मध्यें कॅप्टन नीलसन यांनीं ब्राझीलहून किडे बंगालमध्यें आणले. ते अस्सल जातीचे नव्हते. रंग हलका निघाला आणि बेत फसला. पण इकडे उत्तर व मध्य हिंदुस्थानांतील एका जातीचा निवडुंग भराभर वाळूं लागला! हें पाहून १८३६ ते १८३८ या काळांत तो किडा मुद्दाम दक्षिणेंत नेण्यांत आला. तणाच्या नाशासाठीं कीटकाची योजना करण्याच्या जगांतील अगदीं पहिल्या प्रयोगांत याची गणना होते.

तरीही काम अपुरेंच राहिलें. दक्षिणेंत माजलेल्या फड्या निवडुंगास हा किडा तोंड लावीना, कारण त्याचें भक्ष्य एकच जात होती. अखेर १९२६ मध्यें सिंहलद्वीपांतून त्याच कुळांतील दुसरा किडा आणला. त्याची मादी कापसासारखें पांढरें आवरण अंगावर घेऊन झाडास चिकटते व सोंड खुपसून रस शोषते. चिरडल्यास रक्तासारखा लाल रंग निघतो. पांच-सहा वर्षांत दक्षिणेंतील सुमारें एक लक्ष एकर जमीन मोकळी झाली.

पहिल्या किड्याची खोड म्हणजेच त्याचा गुण होय. जो एकच वनस्पति खातो, तो पिकास हात लावीत नाहीं. उलट १९३५ मध्यें उंसावरील भुंगेऱ्यांसाठीं ऑस्ट्रेलियांत नेलेला बेडूक वाटेल तें खात सुटला आणि स्वतःच संकट होऊन बसला. साळुंकीविषयींही अनेक बेटांवर पुढें तीच तक्रार झाली.

हा धडा पुढें उपयोगी पडला. १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम आढळलेलें गाजरगवत देशभर पसरलें, तेव्हां मेक्सिकोंतून एक भुंगेरा आणला; अनेक पिकांवर त्याची परीक्षा घेऊन १९८४ मध्यें तो बंगळूरास सोडला. पुढें तो सूर्यफुलावर दिसतांच शेतकऱ्यांत घबराट उडाली. सरकारनें चौकशी केली, व पिकास मोठा धोका नाहीं असें ठरलें. गाजरगवत मात्र अद्याप हटलेलें नाहीं.

शत्रूचा शत्रु तो मित्र, हें राजनीतींत एक वेळ चालेल. शेतींत मात्र तो मित्र काय खातो, याची चौकशी आधीं करावी लागते. एकदां सोडलेला जीव परत बोलावतां येत नाहीं.