फज : एका लबाडीचा गोड इतिहास

मागच्या दिवाळीत मी आईला न सांगता फज केलं. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, डार्क चॉकलेट, थोडं लोणी, मूठभर अक्रोड. रात्री फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी वड्या कापल्या आणि फराळाच्या ताटात चकलीशेजारी मांडल्या. आईने एक वडी तोंडात टाकली. चव तिला आवडली, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "ढवळलं किती वेळ?"

"आठ मिनिटं."

"मग ही मिठाई नाही गं. ही लबाडी आहे."

मला हसू आलं, कारण आईने नकळत शब्दकोशातला अर्थ सांगितला होता. इंग्रजीत 'फज' हे क्रियापद मिठाईपेक्षा कितीतरी जुनं आहे. जुळवाजुळव करणं, कसंबसं निभावून नेणं, आकडे सोयीने फिरवणं, हा त्याचा अर्थ. आम्ही इंजिनियर लोक तर रोज 'फज फॅक्टर' म्हणतो. गणिताचं उत्तर प्रत्यक्षाशी जुळत नसलं की मध्ये एक आकडा घुसवायचा आणि जुळवून टाकायचं. कॅरॅमल करायला गेलेल्या कुणाचं तरी बिघडलं, त्यातून हा पदार्थ झाला आणि म्हणून त्याला हे नाव पडलं, अशी एक गोष्ट सांगितली जाते. गोष्ट म्हणून छान आहे, पण तिला पुरावा नाही. पुरावा आहे तो एका पत्राचा, आणि ते पत्र मुलींच्या एका हॉस्टेलात घेऊन जातं.

अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यात पकीप्सी नावाचं गाव आहे. तिथल्या मॅथ्यू व्हासर या बिअर गाळणाऱ्या श्रीमंत उद्योजकाने 1861 मध्ये मुलींसाठी कॉलेज स्थापन केलं आणि 1865 मध्ये ते सुरू झालं. व्हासर कॉलेजात शिकलेल्या एमेलिन बॅटर्सबी हार्ट्रिज यांनी 1921 मध्ये लिहिलेल्या एका पत्रात फजची हकिकत आहे. 1886 मध्ये त्यांच्या एका मैत्रिणीच्या नात्यातलं बाल्टिमोरचं कुणीतरी फज करायचं आणि तिथल्या एका किराणा दुकानात ते 40 सेंट पौंड या भावाने विकलं जायचं. हार्ट्रिजबाईंनी त्याची कृती मिळवली आणि 1888 मध्ये व्हासरमधल्या लिलावासाठी 30 पौंड फज केलं. 30 पौंड म्हणजे साडेतेरा किलो! कृती चार ओळींची होती. दोन कप साखर, एक कप साय, दोन औंस बिनसाखरेचं चॉकलेट, एक चमचा लोणी.

तिथून ते पसरलं. वेलस्ली, स्मिथ अशा मुलींच्या इतर कॉलेजांनी आपापली फजं काढली. गंमत म्हणजे हे सगळं स्वयंपाकघरात होत नव्हतं. मुलींच्या खोल्यांत स्वयंपाकघर कुठलं? स्पिरिटच्या दिव्यावर ठेवायचं भांडं असायचं, नाहीतर खोलीतला गॅसचा दिवा. दिवे मालवायची वेळ झाली की खोलीत चारपाचजणी गोळा व्हायच्या, साखर वितळायची आणि गप्पा चालायच्या.

आज हे वाचून आपण म्हणतो, त्यात काय एवढं? पण काळ लक्षात घ्या. 1873 मध्ये एडवर्ड क्लार्क या बोस्टनच्या डॉक्टरचं एक पुस्तक गाजलं होतं. मुलींनी मुलांसारखा कठोर अभ्यास केला तर त्यांच्या शरीराची, विशेषतः गर्भाशयाची हानी होते, असं त्यात मांडलं होतं. मुलींच्या कॉलेजांना त्यामुळे दोन परीक्षा द्याव्या लागत होत्या, एक अभ्यासाची आणि दुसरी तब्येतीची. मुली काय खातात, किती झोपतात, किती चालतात, सगळ्यावर नजर. अशा ठिकाणी दहानंतर साखर उकळणं म्हणजे निव्वळ खादाडी नव्हती. दिवसातला एखादा तास कुणाच्या हिशेबात न धरता जगण्याची ती जागा होती.

हे मला लगेच कळलं, कारण मीही हॉस्टेलात राहिले आहे. आमच्याकडे खोलीत इंडक्शन ठेवायला बंदी होती. किटली चालायची, पण 'फक्त पाण्यासाठी'. त्या किटलीत आम्ही मॅगी केली, अंडी उकडली आणि एकदा सेमिस्टरच्या शेवटच्या पेपरच्या आदल्या रात्री स्टीलचा डबा वाफेवर धरून चॉकलेट वितळवलं. दुसऱ्या आठवड्यात किटली जप्त झाली. डेटा स्ट्रक्चर्सच्या त्या पेपरात काय आलं होतं ते आठवत नाही. डब्याच्या कडेला लागलेलं चॉकलेट बोटाने पुसून खाणाऱ्या चौघी मात्र लख्ख आठवतात.

आता आईच्या मुद्द्याकडे येऊ. व्हासरच्या मुलींचं फज लबाडी नव्हतं. ते खरोखर अवघड होतं. साखर आणि साय उकळत उकळत साधारण 112 ते 115 अंश सेल्सियसपर्यंत न्यायची. थर्मामीटर नसेल तर पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून पाहायचा. बोटांत धरल्यावर मऊ गोळी झाली की उतरवायचा. आपल्या आज्या याला 'गोळीबंद पाक' म्हणतात. पकीप्सीच्या मुली आणि सांगलीच्या माझ्या आजीची परीक्षा एकच होती!

पुढे खरी कसोटी. पाक ढवळाढवळ न करता कोमट होऊ द्यायचा. गरम असताना ढवळलं तर साखरेचे थोडेच स्फटिक तयार होतात आणि तेच मोठे होत जातात. मग वडी खाताना रेव चावल्यासारखी लागते. पाक निवल्यावर ढवळलं की एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक तयार होतात. ते इतके बारीक की जिभेला वेगळे जाणवत नाहीत, फक्त मऊपणा जाणवतो. चमक गेली, पाक जड झाला की पटकन थापायचा. एक मिनिट उशीर झाला तर भांड्यातच दगड. म्हणजे आईची नारळाची वडी करताना होते तीच घालमेल.

मग माझी आठ मिनिटं कुठून आली? त्यासाठी अजून मागे जावं लागेल, गेल बॉर्डन नावाच्या एका धडपड्या माणसाकडे.

बॉर्डनचा जन्म 1801 चा. सर्वेक्षण, वर्तमानपत्र, जमिनीचे व्यवहार असं सगळं करून तो अन्न टिकवण्याच्या नादी लागला. आधी त्याने मांसाचा अर्क आणि पीठ मिसळून बिस्किट केलं. त्याला 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात पदक मिळालं, पण धंदा बुडाला. नंतर त्याने दूध धरलं. उघड्या कढईत दूध आटवलं की ते तळाला लागतं, रंग बदलतो, वास बदलतो. साखर कारखान्यांत त्याआधीच निर्वात भांडी वापरात होती. भांड्यातली हवा काढली की दाब कमी होतो आणि कमी तापमानालाच उकळी फुटते. बॉर्डनने दूध तसं आटवलं. पेटंट कार्यालयाने त्याला आधी परत पाठवलं, यात नवीन काय म्हणून. अखेर 19 ऑगस्ट 1856 ला पेटंट मिळालं.

दुधातलं निम्म्याहून जास्त पाणी काढायचं आणि भरपूर साखर घालायची. उरलेलं पाणी साखर इतकं धरून ठेवते की जंतूंना वाढायला ते मिळतच नाही. आपला मुरांबा टिकतो तो याच तत्त्वावर.

या डब्याला गिऱ्हाईक कसं मिळालं, ते भीषण आहे. त्या काळात न्यू यॉर्क शहरात दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे होते. भट्टीतला चोथा गायींना खायला घालायचे. त्या आजारी गायींचं निळसर पातळ दूध खडूची पूड वगैरे घालून विकलं जायचं आणि ते पिऊन लहान मुलं मरायची. 1858 मध्ये फ्रँक लेस्लीच्या सचित्र वृत्तपत्राने हा प्रकार चित्रांसकट उघडा पाडला. अशा शहरात डब्यातलं स्वच्छ दूध म्हणजे दिलासा होता. पाठोपाठ 1861 ते 1865 चं अमेरिकन यादवी युद्ध आलं. सैन्याने डबे घेतले आणि घरी परतलेल्या सैनिकांनी ती चव सोबत नेली.

पण जो डबा एका ठिकाणी बाळांना वाचवायला आला, तोच दुसरीकडे त्यांच्या जिवावर उठला. डब्याच्या गोड दुधात साखर फार आणि बाळाला लागणारं बाकीचं फार कमी. तरी गरीब घरांत, विशेषतः वसाहतींमध्ये, ते आईच्या दुधाऐवजी पाजलं जायचं. 1939 मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी यावर भाषण केलं. 'दूध आणि खून' असं त्याचं शीर्षक होतं. बाळांच्या अशा मृत्यूंना खून म्हणायला हवं, असं त्या कंपन्यांशी संबंधित मंडळींसमोर उभ्या राहून बोलल्या. आजही डबा हातात घेतलात तर तान्ह्या बाळांना देऊ नये अशी सूचना बारीक अक्षरांत सापडेल. त्या सूचनेमागे हा इतिहास आहे.

आपल्याकडे हा डबा बराच काळ बाहेरून यायचा. वर्गीस कुरियन यांच्या 'माझंही एक स्वप्न होतं' या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. 1950 च्या दशकात ते परदेशी कंपनीशी बोलायला गेले असता, कंडेन्स्ड मिल्क करणं हे नाजूक काम आहे, ते 'नेटिव्हां'वर कसं सोपवायचं, अशा अर्थाचं त्यांना ऐकावं लागलं. ते तडकून निघून आले. काही वर्षांतच आणंदमध्ये कंडेन्स्ड मिल्क तयार होऊ लागलं. त्याच्या आधी, 1955 मध्ये, एच. एम. दलाया यांनी तिथेच म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली होती. ते होणारच नाही, असं तज्ज्ञ सांगत होते. पंजाबात मोगा इथे नेस्लेचा कारखाना 1961 मध्ये उभा राहिला.

म्हणजे माझी आठ मिनिटं ही आठ मिनिटं नाहीतच. ढवळण्याचे तास कुठेतरी गेले नाहीत, ते कारखान्यातल्या निर्वात भांड्यात गेले. माझं फज साखरेच्या स्फटिकांवर उभंच नाही. ते घट्ट होतं ते चॉकलेटमधल्या कोको बटरमुळे. ते तिशीच्या थोडं वर वितळतं आणि फ्रिजमध्ये पुन्हा आवळून येतं. व्हासरच्या मुलींच्या आणि माझ्या पदार्थाचं नाव एक, यंत्रणा पूर्ण वेगळी. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच, आतलं इम्प्लिमेंटेशन बदललं.

करून बघायचं असेल तर हे घ्या. एक डबा कंडेन्स्ड मिल्क, म्हणजे सुमारे 400 ग्रॅम. 350 ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून. दोन चमचे लोणी, चिमूटभर मीठ, मूठभर अक्रोड. जाड बुडाच्या भांड्यात लोणी, दूध आणि चॉकलेट अगदी मंद आचेवर ठेवा. उकळी आणायची नाही. चॉकलेट जवळजवळ वितळलं की गॅस बंद करा, उरलेलं काम भांड्यातली ऊब करते. मीठ आणि अक्रोड घाला, बटर पेपर लावलेल्या डब्यात थापा आणि चार तास फ्रिजमध्ये ठेवा. आच जास्त झाली तर तेल सुटेल. घाबरू नका, चमचाभर गरम दूध घालून जोरात घोटा, बहुतेक वेळा पुन्हा एकजीव होतं. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. लोणावळ्याहून चिक्कीसोबत आणलेलं फज आठवून याची तुलना करू नका. ते वेगळं, हे वेगळं.

हे सगळं मी आईला फराळ आवरताना सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग तिचा उजवा हात ओट्यावर ठेवून म्हणाली, "बासुंदी करायचे ना, तेव्हा दोन-दोन तास उभी असायचे. तुझ्या बाबांना वाटायचं मला आवडतं."

तिच्या मनगटाला आता पट्टा असतो. डॉक्टरांनी कणीक मळायलाही नको सांगितलंय. इतकी वर्षं मीही तेच समजत होते, तिला आवडतं म्हणून. कष्ट दिसले तरच पदार्थ खरा, हा नियम तिने केलेला नव्हता. तो तिला मिळालेला होता, आणि आता माझ्या वड्यांवर ती तोच लावत होती.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. आईने ताट पुढे केलं. काकूंनी वडी खाऊन विचारलं, "कसली गं ही? फार वेळ लागला असेल."

आईने माझ्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली, "दीडशे वर्षं."