वाळू, हॅम्बर्ग आणि आमचा पूल

शनिवारी सोसायटीच्या पूलचं पाणी पुन्हा चार बोटं खाली. मे महिन्यात नाशकात गंगापूर धरणाचं पाणी गटारात! फिल्टरची टाकी बाहेरून कोरडी, पण बॅकवॉशच्या पाइपातून धार. व्हॉल्व्ह उघडला तर आतलं गॅस्केट फाटलेलं. कोणीतरी (बहुधा मीच) मोटर चालू असतानाच हँडल फिरवलं होतं.

टाकीत असते ती साधी वाळू. १८०४ मध्ये स्कॉटलंडच्या पेझलीत जॉन गिबने कपडे ब्लीच करायला पाणी वाळूतून गाळलं, उरलेलं चक्क विकलं. १८९२ मध्ये हॅम्बर्ग एल्बे नदीचं न गाळलेलं पाणी प्यायलं. कॉलऱ्याने ८,००० हून अधिक माणसं गेली. शेजारचं आल्टोना तर हॅम्बर्गची घाण मिसळलेलं पाणी घ्यायचं, पण वाळूतून गाळून. ते बरंचसं वाचलं.

रविवारी नवं गॅस्केट बसवलं, मोटर बंद करून!