गोषवाऱ्यातली असामी

माझी भाची तालुक्याच्या गावी वकिली करते. आठवड्यातले दोन दिवस ती एका मोफत कायदा-सल्ला केंद्रात बसते. वर्षअखेरीस तिथे येऊन गेलेल्या माणसांची माहिती तिला एका पानावर मांडायची होती. तिने संगणकावरचा तक्ता माझ्यापुढे उघडला. एकेका ओळीत एकेक माणूस, आणि रकान्यांत नाव, वय, गाव, शिक्षण, उपजीविका, तंट्याचा प्रकार. तिने दोनतीन कळा दाबल्या. नावे गेली, वयोगट आणि गावे उरली, शेजारी रंगीत स्तंभ उभे राहिले. वर मथळा होता 'क्लायंट डेमोग्राफिक्स समरी'. "मामा, अहवाल मराठीत द्यायचाय. या तीन शब्दांना आपले शब्द सांगा ना." त्या तीन शब्दांसाठी मी आठवडाभर कोश उघडून बसलो, आणि तो आठवडा फार आनंदात गेला.

समरीपासून सुरुवात करू. 'सारांश' आपल्याजवळ आहेच, पण सारांश मजकुराचा. आकड्यांचा होतो तो गोषवारा. मूळ शब्द फारसी, गोशवारा. 'गोश' म्हणजे कान, आणि गोशवारा म्हणजे कानातले, कर्णभूषण; फारसीत हा अर्थ आजही चालतो. हिंदीतला खरगोश याच कानाचा, गाढवासारखे कान असलेला. अवेस्तेत कानाला 'गओश' म्हणतात आणि त्याचा संस्कृत भाऊ आहे 'घोष'. एका घरी आवाज राहिला, दुसऱ्या घरी तो ऐकणारे इंद्रिय. मराठीने गोषवाऱ्याला मूर्धन्य 'ष' दिला तेव्हा या भावाची आठवण कुणाला असेल असे नाही, पण लेखन मात्र त्याच्या जवळ गेले.

कर्णभूषणाचा हिशेबाशी संबंध काय? दोन वाटा दिसतात. एक, लांबलचक हिशेबाच्या शेवटी लटकणारा छोटा, नेमका ऐवज म्हणून हे नाव पडले असावे. दुसरी वाट 'गोशा' म्हणजे कोपरा या शब्दाकडे जाते. आपल्या 'गोषा'पद्धतीतला, आडोशाचा अर्थ आलेला, तो हाच. कागदाच्या कोपऱ्यात मांडलेली रक्कम म्हणून गोशवारा, असे म्हणता येईल. पण 'वारा'सकट शब्दाचे सगळे रूप कानातल्याशी जुळते, म्हणून मला पहिलीच वाट अधिक पटते.

गोषवाऱ्याचा सोबती म्हणजे तेरीज. जुन्या जमाखर्चात तेरीज म्हणजे हिशेबाचा काढलेला आटोपशीर उतारा. दहाव्या शतकात अबू अब्दुल्ला अल-ख्वारिज्मी याने 'मफातीह अल-उलूम' या ग्रंथात कारकुनांच्या संज्ञांचे अर्थ दिले आहेत. (बीजगणिताचा ख्वारिज्मी तो वेगळा, शतकभर आधीचा.) तिथे 'तारीज' ही संज्ञा भेटते. अनेक बाबींच्या एकूण रकमा एका नजरेत कळाव्यात म्हणून आखलेला कागद, असा तिचा आशय आहे. आपली तेरीज हिचीच लेक असावी. भाचीच्या पडद्यावर जे उभे होते त्याचे याहून नेमके वर्णन मला करता आले नसते, आणि ते हजार वर्षांपूर्वीचे आहे.

बेरीजही याच दफ्तरातली दिसते. फारसी हिशेबपद्धतीत तपशिलाच्या रकमा कागदाच्या मध्ये मांडीत. त्या भरण्याला 'हश्व' म्हणत. जी रक्कम अखेर हिशेबात धरायची ती बाजूला, पुढे काढून लिहीत. ती 'बारिझ', म्हणजे उठून दिसणारी. अरबी ब-र-ज़ धातूचा अर्थच बाहेर येणे, प्रकट होणे. म्हणजे बेरीज मुळात क्रिया नव्हती, कागदावरची एक जागा होती. पुढे महसुली कागदांत गावाच्या एकूण आकारणीला बेरीज म्हणू लागले, आणि शाळेत पोचेपर्यंत ती अधिकाचे चिन्ह होऊन बसली. 'आकडा' मात्र घरचा: संस्कृत 'अंक' म्हणजे वाकलेली वस्तू, खूण, मांडी, आणि संख्याही. म्हणून मराठीत मोजायचा तो आकडा आणि अडकवायचा तोही आकडा.

आता तक्ता. फारसी 'तख़्ता' म्हणजे फळी. राजाचे तख्त त्याच घराण्यातले. फळीवरून सपाट पत्रा, मग कागदाचा ताव, मग त्यावरची आखणी असा अर्थ सरकत आला. लॅटिन 'ताबुला' हीसुद्धा फळीच, तिचेच टेबल झाले. आपल्या भास्कराचार्यांची 'लीलावती' ज्या शास्त्रात मोडते त्याचे नाव पाटीगणित. पाटी म्हणजे पुन्हा फळी. तिच्यावर धूळ पसरून बोटाने आकडे लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. आपली धूळपाटी ती हीच. ही भारतीय रीत अरबांकडे गेली तेव्हा त्यांनी तिला 'तख्ता'चे गणित म्हटले. इ. स. ९५२-५३ मध्ये दमास्कसला अल-उक्लीदिसीने या गणितावर ग्रंथ लिहिला आणि धूळ सोडून शाई-कागदावर ते कसे करावे ते दाखवले. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिजीकॅल्क' हा संगणकावरचा तक्ता बाजारात आणला, तेव्हा एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलू लागले. पुसून पुन्हा लिहिता येणारी धूळपाटी परत आली, फक्त बोटाला धूळ लागेनाशी झाली.

तक्त्यातल्या एका चौकोनाला काय म्हणावे? इंग्रजी सेल हा लॅटिन 'केल्ला'चा वारस, म्हणजे लहान खोली, कोठीची खोली. कोष्टकातला 'कोष्ठ' म्हणजेही खोली, कोठार, पोट. कोठा, कोठी, कोठार आणि कोठावळा हे सगळे त्याचे. फारसी 'ख़ाना' म्हणजे घर; कारखाना-दवाखान्यातला तोच, आणि फडताळाचा खानाही तोच. बुद्धिबळाच्या पटावर आपण घरच म्हणतो, घोडा अडीच घरे जातो. कुंडलीतही घरेच. चार भाषांनी एका रेघांच्या चौकोनात राहते घर पाहावे, ही मला मोठी सुखाची गोष्ट वाटते. जनगणनेला आपले जुने लोक 'खानेसुमारी' म्हणत, म्हणजे घरांची मोजणी. १८८१ पासून देशभर दर दहा वर्षांनी मोजणी होऊ लागली तरी मराठी तोंडात हा शब्द दीर्घकाळ टिकला. जोडीला 'शिरगणती' होती. आधी घरे मोजली, मग डोकी, आणि शेवटी 'जन' आले.

त्या रंगीत स्तंभांच्या चार्टची गोष्ट थोडक्यात. ग्रीक 'खार्तेस', लॅटिन 'कार्ता', म्हणजे पपायरसचा ताव. त्याच घराण्यातला पोर्तुगीजांचा 'कार्ताझ', अरबी समुद्रातल्या जहाजांना ते जबरीने घ्यायला लावीत तो परवाना. आणि दारू भरलेली कागदाची सुरळी ती 'कार्तुशो', म्हणजे आपले काडतूस! चार्ट आणि काडतूस चुलत भावंडे आहेत. पण आपल्याला चार्ट शब्दाची नड नाही, आपला आलेख आहे. 'आ' अधिक 'लिख्', म्हणजे ओरखडणे, रेघ ओढणे. संस्कृतात 'आलेख्य' म्हणजे चित्र. ग्रीक 'ग्राफेन'चा मूळ अर्थही ओरखडणेच. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये व्यापाराच्या आकड्यांचे स्तंभ काढले आणि १८०१ मध्ये वर्तुळाचे भाग पाडून दाखवले. आपल्या शाळेतल्या मुलांना त्यांची नावे पाठ आहेत: स्तंभालेख, वृत्तालेख. आलेख्याचा आलेख झाला तरी चित्र त्यात राहिलेच.

राहिला क्लायंट. वैद्याचा तो रोगी, दुकानदाराचे गिऱ्हाईक, भटजींचा यजमान आणि वकिलाचा अशील. 'ग्रह्' म्हणजे घेणे, त्यापासून ग्राहक. तोच बाजारात झिजून गिऱ्हाईक झाला, आणि पुढे ग्राहक पंचायत व १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा यांनी मूळ रूप पुन्हा सन्मानाने आणले. अशील दिसतो संस्कृत, जणू 'शील नसलेला'. पण तो अरबी 'असील', मुळातला, अस्सल. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले तो, आणि अशील म्हणजे ज्याचे काम आहे तो मूळ धनी. झुंजीचा असील कोंबडाही याच अर्थाने जातिवंत. 'यजमान' शब्दाचे आत्मनेपदी रूप हेच सांगते: मंत्र पुरोहिताने म्हटले तरी यज्ञाचे फळ यजमानाचे.

आणखी एक शब्द मला दफ्तरात सापडला, तो मी जपून ठेवला आहे: असामी. अरबी 'इस्म' म्हणजे नाव, 'अस्मा' हे त्याचे अनेकवचन आणि 'असामी' हे अनेकवचनाचेही अनेकवचन. म्हणजे नावेच नावे, नावांची यादी. महसुलाच्या कागदांत खातेदारांची नावे ओळीने येत. कारकून नावावर बोट ठेवून माणसाविषयी बोलत असावा. बोलता बोलता नाव गळले आणि माणूस उरला. मराठीत असामी म्हणजे आता नाव नव्हे, हाडामांसाचा माणूस. यादीतून माणूस बाहेर आला, अशी ही दुर्मीळ गोष्ट आहे. भाचीच्या पडद्यावर उलटे घडत होते, माणसे आकड्यांत जात होती.

डेमोग्राफी हा शब्द १८५५ मध्ये फ्रान्सच्या अशील गियारने घडवला. ग्रीक 'देमोस' म्हणजे लोक, पण त्याच्या मुळाशी वाटणे, भाग पाडणे हा अर्थ असावा. संस्कृत 'दाय', म्हणजे वाटा, त्याचा दूरचा नातलग दिसतो. आपल्याकडे हे काम 'तपशील' करतो. अरबी 'तफ़सील' म्हणजे वेगवेगळे करणे. 'फसल' आणि फसली सन यांचा धातू तोच. आणि वर्गवारी दाखवायला 'वार' आहे: गाववार, वयवार, असामीवार. एका प्रत्ययात आख्खी डेमोग्राफी मावते.

भाचीला मी मथळा लिहून दिला: 'अशिलांचा वयवार व गाववार गोषवारा'. त्याखाली एक ओळ तिने स्वतःच्या मनाने घातली: 'असामीवार तपशील केंद्राच्या दफ्तरी आहे'. जुन्या कारकुनांची रीत तीच होती. गोषवारा वर, पण त्याखाली तपशील बांधलेला. गोषवारा करणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ लिहावी, आणि ती खरी ठेवावी.