पाँपीचे भटारखाने

इटलींतील व्हेसूव्हियस पर्वताचा इ. स. ७९ मध्यें स्फोट झाला आणि पायथ्याचें पाँपी शहर राखेखालीं गाडलें गेलें. पुढें १८६२ सालीं तेथील एक भटारखाना उकरतांना भट्टीचें तोंड मोकळें झालें, तेव्हां आंत ८१ पाव जागच्या जागीं सांपडले. त्यांचा कोळसा झाला होता, पण आकार शाबूत होता. वाटोळे, वर आठ फांकांच्या रेघा पाडलेले. जवळजवळ अठराशें वर्षें ते बाहेर काढावयास कोणी आलें नव्हतें!

असे तीसच्या वर भटारखाने या शहरांत होते. पुष्कळसे जुन्या राहत्या घरांतच थाटलेले. पाव भाजणाराचें घर म्हणजे नुसती भट्टी नव्हे. रोमन भटारखाना गहूं दळण्यापासून सारें एका छपराखालीं करी, आणि त्यावरूनच त्याची बांधणी ठरे. चौकांत लाव्हा दगडाचीं जातीं. आपल्या घरच्या जात्याशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना तीं विचित्र वाटतील. खालचा दगड शंकूसारखा उभा. त्यावर डमरूच्या आकाराचा पोकळ दगड टोपीसारखा बसविलेला. डमरूच्या वरच्या तोंडांत गहूं वैरावयाचा, खालीं पीठ पडावयाचें. या दगडास लांकडी चौकट अडकवून ती गाढवाकडून फिरवीत. आपल्या तेलाच्या घाण्याचीच ती तऱ्हा. रोजच्या फेऱ्यांनीं मातीची जमीन टिकावयाची नाहीं म्हणून जात्यांभोंवतीं रस्त्यासारखी दगडी फरसबंदी असे. कणीक मळण्याची खोली भट्टीला लागून. कांहीं ठिकाणीं मधल्या भिंतींत खिडकी ठेवून कच्चे पाव तिच्यांतूनच पलीकडे देत. भट्टी विटांच्या घुमटाची. आंत लांकडें जाळून ती तापवावयाची, निखारे ओढून काढावयाचे, आणि जाड भिंतींनीं धरून ठेवलेल्या उष्णतेवर पाव भाजावयाचे. अशी सोय पाहून कारागिराच्या बुद्धीचें कौतुक वाटतें.

परंतु २०२३ सालीं उजेडांत आलेल्या एका भटारखान्यानें या कौतुकाला धक्का दिला. तेथें बाहेर रस्त्यावर उघडणारें दारच नाहीं. उजेडासाठीं उंचावर लहान खिडक्या, त्यांना लोखंडी गज. जात्यांभोंवतींच्या फरशींत अर्धवर्तुळाकार खांचा मुद्दाम कोरल्या आहेत. जागा अरुंद, डोळे बांधलेल्या गाढवांनीं व त्यांच्याबरोबरच्या माणसांनीं एकमेकांस न धडकतां ठराविक पावलांनीं फिरावें म्हणून त्या असाव्यात, असें संशोधक मानतात. हीं माणसें गुलाम होतीं. दुसऱ्या शतकांतील आपुलेयस या लेखकानें गाढव बनलेल्या एका मनुष्याची कथा लिहिली आहे. तो जात्याला जुंपला जातो, आणि पाठीवर वळ, कपाळावर डाग व पायांत बेड्या असलेले दळणारे गुलाम त्याला दिसतात. ही कादंबरीकाराची अतिशयोक्ति म्हणून सोडून देणें सोपें होतें. गजांच्या खिडक्या पाहिल्यावर तें तितकें सोपें राहत नाहीं.

याच इमारतींत तिघांचे सांगाडे मिळाले. आंतून निघण्याची एकच वाट होती आणि ती मालकाच्या घराच्या दिवाणखान्यांत उघडत असे. त्या दिवाणखान्याच्या भिंतीवर एक सुरेख चित्र आहे: रुप्याच्या तबकांत पोळीसारखा चपटा पाव, त्यावर फळें, आणि शेजारीं मद्याचा पेला.