सुटलेलं अवतरणचिन्ह

सगळ्या वेळा नागपूरच्या घड्याळातल्या आहेत. ट्विटरचं मुख्यालय तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत होतं; तिथलं घड्याळ साडेबारा तास मागे होतं.

१४ ऑगस्ट २०१०. मासातो किनुगावा या जपानी प्रोग्रॅमरनं ट्विटरला त्याच्या सुरक्षेतलं एक भोक कळवलं. ट्विटमधल्या दुव्यात @ आलं आणि त्याला लागून दुहेरी अवतरणचिन्ह, की ते चिन्ह जसंच्या तसं पानाच्या कोडमध्ये उतरायचं. तिथं ते मजकूर राहत नाही. आधीचं अवतरण तिथंच बंद होतं आणि पुढची अक्षरं ब्राउझर हुकूम म्हणून वाचतो. ट्विटरनं त्याच महिन्यात भोक बुजवलं.

इथं थोडं थांबायला हवं, कारण ही चूक ट्विटरची एकट्याची नव्हे. पान सर्व्हर लिहितो, ब्राउझर वाचतो. सर्व्हरकडची व्हॅल्यू पानातल्या स्क्रिप्टला द्यायची सोपी रीत म्हणजे ती अवतरणात बसवून थेट छापणं: व्हार नाव = 'देशमुख'. अशी ओळ कधीच न लिहिलेला वेब प्रोग्रॅमर नागपूरच्या आयटी पार्कात शोधावा लागेल. देशमुख येतात, जातात, काही होत नाही. एक दिवस डि'सोझा येतात. नावातल्या चिन्हानं अवतरण मधेच संपतं आणि स्क्रिप्ट बंद पडते. पत्त्याच्या चौकटीत कुणी एंटर मारला तरी तेच. तक्रार येते, 'डि'सोझांचं पान चालत नाही', आणि दुरुस्तीही डि'सोझांपुरतीच होते. जे नाव स्क्रिप्ट मोडू शकतं, ते स्क्रिप्टला हुकूमही देऊ शकतं, हे त्या तक्रारीत लिहिलेलं नसतं.

(अवतरणचिन्हं झाकली, म्हणजे ती मजकूरच राहतील अशी लिहिली, तरी काम संपत नाही. ब्राउझर आधी टॅग शोधतो, स्क्रिप्ट नंतर वाचतो. व्हॅल्यूमध्ये स्क्रिप्ट बंद करणारा टॅग आला तर तो अवतरणात आहे की बाहेर, हे ब्राउझर बघतच नाही. म्हणून व्हॅल्यू जेसन (JSON) या लेखनपद्धतीच्या नियमानं एन्कोड करायची आणि < हे चिन्हही झाकायचं.)

सप्टेंबर. सॅन फ्रान्सिस्कोच्या १४ तारखेला ट्विटरनं नवं रूप जाहीर केलं. त्या दिवसांत साइटवर आणखी एक बदल चढला. नव्या रूपाशी त्याचा संबंध नव्हता. ऑगस्टची दुरुस्ती त्या बदलानं निकामी झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मंगळवार, २१ सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. किनुगावाला भोक पुन्हा उघडं दिसलं. त्यानं एक खातं काढून इंद्रधनुष्याच्या रंगांतली ट्विटं टाकली. नुकसान शून्य. मेलबर्नचा १७ वर्षांचा एक मुलगा पुढची पायरी चढला: ट्विटवर माऊस नेला की एक चौकट उघडायची. तीही गंमतच.

दुपारी ३:२४. ट्विटरला खबर मिळाली. तिथं रात्रीचे २:५४ वाजले होते.

त्याच दुपारी. चौकट उघडणाऱ्या हुकमाच्या जागी कुणी तरी रीट्विटचा हुकूम घातला. क्लिकची गरज नव्हती. माऊस ट्विटवरून गेला की तेच ट्विट वाचणाऱ्याच्या नावानं पुढे जायचं. त्याच्या फॉलोअर्सनी माऊस हलवला की त्यांच्या नावानं. काहींनी अक्षरांचा आकार एवढा वाढवला की पानभर दुसरं काही उरलंच नाही. माऊस कुठंही ठेवला तरी सापळ्यावरच.

लंडनमध्ये ऑफिसं सुरू झालेली होती. ब्रिटनचे माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांच्या पत्नी सारा यांचे फॉलोअर्स दहा लाखांवर होते. त्यांचं पान उघडणारे एका जपानी अश्लील साइटवर जाऊन पडत होते.

वॉशिंग्टनमध्ये उजाडलं. व्हाइट हाउसचे प्रवक्ते रॉबर्ट गिब्ज यांच्या खात्यावरूनही ते ट्विट गेलं. हे काय आहे, आपल्याला काहीच कल्पना नाही, असं त्यांनी तिथंच लिहिलं.

मोबाइलवर वाचणाऱ्यांना काही झालं नाही. ट्विट तेच होतं, अवतरणचिन्हही तेच. ट्विटरच्या मोबाइल साइटवर आणि ॲपवर त्याला मजकुराबाहेर पडता येत नव्हतं.

संध्याकाळी ७:३०. मुख्य भोक बंद. नागपुरात मंडळांच्या आरतीची वेळ. खबर मिळून ४ तास ६ मिनिटं झाली होती.

रात्री ९:४५. नावावर माऊस नेल्यावर उघडणाऱ्या छोट्या चौकटीतली उरलेली फटही बुजवली. बहुतेक प्रकार खोडसाळपणाचे किंवा जाहिरातीचे होते, पासवर्ड बदलायची गरज नाही, असं ट्विटरनं कळवलं. खबर मिळाल्यापासून ६ तास २१ मिनिटं. पहिल्यांदा मिळाल्यापासून ३८ दिवस.