हौशी भूकंपनिरीक्षण

हौशी भूकंपनिरीक्षण म्हणजे व्यवसायाने भूकंपशास्त्रज्ञ नसलेल्या व्यक्तींनी स्वतःच्या उपकरणांद्वारे अथवा स्वानुभवाच्या नोंदींद्वारे भूकंपांची माहिती मिळवणे, ती परस्परांशी ताडून पाहणे आणि तिची चर्चा करणे होय. शासकीय भूकंपमापन केंद्रे जेथे विरळ आहेत, तेथे अशा नोंदींना विशेष मोल प्राप्त होते.

इतिहास

भूकंपशास्त्राच्या जडणघडणीत हौशी मंडळींचा वाटा जुना आहे. इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमविच येथील जे. जे. शॉ हे व्यवसायाने गहाणवटीचे व्यापारी. जॉन मिल्न यांच्या भूकंपलेखकात त्यांनी केलेल्या सुधारणांतून 'मिल्न-शॉ' हे यंत्र तयार झाले आणि ते अनेक देशांतील वेधशाळांनी स्वीकारले. (मिल्न यांच्या मूळ बनावटीचे यंत्र मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही होते.) १९७९ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने घरी बांधता येणाऱ्या लेहमन भूकंपलेखकाची कृती छापली. फाटकाप्रमाणे आडवा झुलणारा लंबक हे त्याचे मुख्य अंग. २०१६ पासून मिळू लागलेले 'रास्पबेरी शेक' हे उपकरण मात्र तळहातावर मावते.

कार्यपद्धती

भूकंपाच्या प्राथमिक लहरी दुय्यम लहरींपेक्षा वेगाने धावतात. दोहोंच्या आगमनातील सेकंदांना सुमारे ८ ने गुणले असता जवळच्या भूकंपाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. १० सेकंदांचा फरक असल्यास भूकंप अंदाजे ८० किलोमीटरवर झाला, असे समजावे. एका यंत्रावरून साधारणपणे अंतरच कळते. स्थान निश्चित करण्यासाठी किमान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात, म्हणूनच एकट्या निरीक्षकाचा येथे निभाव लागत नाही. यंत्र नसलेली व्यक्तीही उपयोगी पडते. भांडी वाजली का, भिंतीला तडे गेले का, झोपलेली माणसे जागी झाली का, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून त्या ठिकाणची तीव्रता ठरवता येते. अमेरिकेचे भूगर्भ सर्वेक्षण खाते अशी उत्तरे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नियमितपणे गोळा करीत आहे.

हैतीतील अनुभव

१२ जानेवारी २०१० च्या विनाशकारी भूकंपाच्या वेळी हैतीत भूकंपमापन केंद्रांचे जाळेच नव्हते. पुढे ते उभारले गेले, परंतु देखभालीअभावी त्याचा भरवसा राहिला नाही. २०१९ पासून संशोधकांनी तेथील नागरिकांच्या घरी स्वस्त यंत्रे बसवण्यास प्रारंभ केला. वीज आणि इंटरनेट यांची बेभरवशाची स्थिती पाहता हा प्रयोग धाडसाचाच म्हणावा लागेल. १४ ऑगस्ट २०२१ रोजी ७.२ महत्तेचा भूकंप होऊन दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी अपिकेंद्राच्या सर्वांत जवळच्या नोंदी या घरगुती यंत्रांनीच दिल्या. नंतरच्या असंख्य लहान धक्क्यांचा मागोवा त्यांच्या आधारे घेता आला आणि या कार्यावरील शोधनिबंध २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मर्यादा आणि गैरसमज

घरातील यंत्र रस्त्यावरचा मालट्रक, दगडखाणीतील सुरुंग आणि जिन्यावरची पावलेही तितक्याच इमानाने नोंदवते. शिवाय जवळच्या मोठ्या धक्क्यात स्वस्त यंत्राची नोंद मापनमर्यादेबाहेर जाऊ शकते.

चर्चेत सर्वाधिक गोंधळ महत्ता आणि तीव्रता या संज्ञांचा होतो. महत्ता ही भूकंपाच्या आकाराचे माप असल्याने ती एकच असते, तर तीव्रता गावागणिक बदलते. प्रारंभी जाहीर झालेली महत्ता पुढे दुरुस्त केली जाते, ही प्रथा आहे. त्यात लपवाछपवी शोधण्याचे कारण नाही. याहून घातक प्रकार भाकितांचा. भूकंपाची तारीख, स्थळ आणि महत्ता आधी सांगण्याची खात्रीशीर पद्धत अद्याप कोणत्याही संस्थेकडे नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. अशा मालिकेनंतर मोठा भूकंप होईलच असे नसते, आणि होणारच नाही असेही म्हणता येत नाही. त्यामुळे अशा प्रदेशात नेमक्या तारखेची अफवा लोकांना ऐन थंडीपावसात घराबाहेर काढू शकते. वेळ आणि स्थान यांसह केलेली साधी नोंद मात्र अभ्यासकांच्या कामी येते.