ताश्कंदचं अपत्य

अमेरिकेतल्या कोरड्या, उष्ण प्रांतांत रस्त्याकडेला चिटाल्पा हे फुलझाड हौसेनं लावतात. त्याचे आईबाप दोन्ही अस्सल अमेरिकन. पण जन्म ताश्कंदचा. १९६४ साली, ऐन शीतयुद्धात, तिथल्या वनस्पती उद्यानात वनस्पतिशास्त्रज्ञ रुसानोव यांनी हा संकर घडवला. १९७७मध्ये न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनचे रॉबर्ट हेब यांनी तो अमेरिकेत नेला आणि १९९१मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं.

एक पालक कॅटाल्पा : आग्नेय अमेरिकेतला, रुंद पानांचा, कडाक्याची थंडी सोसणारा. दुसरा वाळवंटातला चिलोप्सिस. लोक त्याला 'डेझर्ट विलो' म्हणतात, पण विलोशी त्याचं काही नातं नाही. पानं अरुंद आहेत, एवढंच. दोघांच्या प्रजाती वेगळ्या, कुळ मात्र एकच. आपले टेटू, पाडळ, मेडशिंगी याच कुळातले.

मग हे लग्न अमेरिकेतच का नाही जमलं? सरळ उत्तर असं, की एक आग्नेयेला, दुसरा नैऋत्येला. भेट होणार कशी? मला हे पटत नाही. बागांमध्ये हजारो मैलांवरची झाडं शेजारी नांदतात, आणि चिलोप्सिस कितीतरी महिने फुलत राहतो, त्यामुळे मुहूर्ताचीही अडचण नाही. माझ्या मते अडलं ते गरजेपाशी. अमेरिकेत ज्याला थंडीचं झाड हवं त्याच्याकडे कॅटाल्पा होता, ज्याला वाळवंटाचं हवं त्याच्याकडे चिलोप्सिस. ताश्कंदचा उन्हाळा कोरडा, चाळिशी गाठणारा, आणि हिवाळ्यात पाणी गोठतं. तिथल्या माळ्याला दोन्ही गुण एकाच खोडात हवे होते. योगायोगाचा वाटा असेलच, पण योगायोगसुद्धा शोधणाऱ्यालाच सापडतो.

संकर उणे वीस अंशांच्या आसपासची थंडी काढतो आणि मुळं धरल्यावर थोड्या पाण्यावर भागवतो. दमट हवेत मात्र पानांवर भुरी येते. कोकणात लावायच्या फंदात पडू नये. बी धरत नसल्यामुळे रोपं फाट्यांपासूनच करतात. त्याचे दोन वाण आहेत : 'पिंक डॉन' गुलाबी फुलांचा, 'मॉर्निंग क्लाउड' पांढऱ्या.

ओळखही त्या वांझपणातच आहे. दोन्ही पालकांना लांब, सडपातळ शेंगा लागतात, याला नाही. तेव्हा चिटाल्पा म्हणून कुणी झाड दाखवलं आणि त्यावर शेंगा लोंबत असल्या, तर पैसे देऊ नका.